भाच्याची मैफल आणि माझा गुडघा

ती. ताईस,

धाकट्याचा, गुडघा वाकेल तितका, साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे कान सोडले तर.

तुझे चिरंजीव चांगली नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आले तेव्हा 'त्याचं नाव काढू नकोस' असं तू बजावलं होतंस. आज काढतोच. त्याच्या संगीताला पेटी लागत नाही की तबला लागत नाही. तो घरातले आवाज टिपतो आणि कॉम्प्युटरवर ताणतो, उलटे करतो. (कुकरची शिट्टी त्याने अशी ताणली की मी रिकामा गॅस बंद करून आलो.) परवा त्याची पहिली मोठी मैफल झाली. सगळी रचना आमच्या मागच्या दाराच्या करकरीवर बेतलेली, आणि ती टिपायला आदल्या दिवशी माइकवाले यायचे होते. बाहेरची माणसं येणार, उगाच शोभा नको, म्हणून मी सकाळीच बिजागऱ्यांना तेल घातलं. दार कसं मुकाट फिरायला लागलं. पोरगं मटकन खालीच बसलं. एका शब्दाने रागावलं नाही गं, त्याचंच मला जास्त लागलं. समजूत काढायला उठलो, तर गुडघा वाजला. त्याने मान वर केली.

"मामा, परत उठा."

दिवस मावळेपर्यंत मी उठाबशा काढत होतो.

ताई, मैफलीचं काय सांगू? रंगमंच रिकामा, चहूबाजूंनी स्पीकर, आणि हा प्रेक्षकांच्या मधोमध बटणांपुढे बसलेला. दिवे गेले आणि अंधारात एक अवाढव्य जहाज धक्का सोडून निघालं, ते थेट आमच्या डोक्यांवरून गेलं. ते माझं हाड होतं, ज्याला डॉक्टर नुसती झीज म्हणतात. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते. मी आ वासून बसलो होतो. एवढं सगळं आपल्या घरात वाजत होतं आणि मी त्यात तेल ओतत होतो. शेवटी सगळे उभं राहून टाळ्या वाजवत होते. (मी बसूनच वाजवल्या. उठलो असतो तर लोकांना वाटलं असतं, पुन्हा सुरू झालं.)

तुझा,
धाकटा

ता. क. राग आला असेल तर पत्र फाडण्याआधी भावोजींना वाचायला दे.

ता. क. दुसरा. मैफल संपताना एक बारीक 'खट्ट' येतं आणि सगळं गप्प होतं. काय शेवट केलाय, असं जो तो म्हणत होता. मला मात्र तो आवाज ओळखू आला. दर रविवारी तो तुला फोन लावतो आणि तू त्याचं 'हॅलो' ऐकून रिसीव्हर ठेवतेस, तो हा. तुझा तेवढाच आवाज आहे त्याच्याकडे. येत्या रविवारी हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण फोन ठेवू नकोस.