बाबांच्या नावाची चिठ्ठी आणि लोम हत्तीण

थोरल्या ताईला,

दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत नेले आहेत असं समज. लिहिण्यासाठी एक खाली घ्यावा लागला, त्याबद्दल क्षमा असावी. गुडघा कसा आहे? फ्रान्सची थंडी तुला सोसत नाही आणि तरी तू मोजे घालत नाहीस, हे दोन्ही मला भाचीकडून कळतं. इकडे सगळं ठीक. माझा रक्तदाब वाढलाय, पण तो देशाच्या शिक्षणपद्धतीमुळे. (हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि माझी वाक्यं लांब असतात.)

तुझी आज्ञा अशी होती, की पितरांच्या पंधरवड्यात क्रातिएकडच्या, त्या राजवटीत मारलेल्यांच्या स्मारकात जायचं, शेजारच्या विहारात बाबांच्या नावाची चिठ्ठी भिक्खूंना द्यायची, नाव मोठ्यानं वाचलं जाईल असं बघायचं आणि त्यांच्या आवडीचे, चिकट भातात केळं घातलेले अन्सोम ठेवायचे. पितर सात विहार धुंडाळतात, आणि आपल्या माणसानं ठेवलेला घास कुठंच मिळाला नाही तर उपाशी परततात, हे तू तीन पानं भरून कळवलंस. तुझ्या मते बाबा बेचाळीस वर्षं उपाशी आहेत. माझी मतं तुला ठाऊक आहेत. मेलेली माणसं चिकट भातासाठी वणवण करतात यावर माझा विश्वास नाही. (तसं असतं, तर बाबा आधी माझ्याकडे येऊन माझं अक्षर सुधारून गेले असते. मास्तर माणूस, त्यांना मारायला नेलं तेही खडूच्याच गुन्ह्यासाठी.) तरी तुझा शब्द मोडवेना. कुंथियानं केळीच्या पानात बांधून सात अन्सोम केले, चिठ्ठी मी लिहिली, आणि माझी बायको असल्यामुळे तिनं अटही घातली: स्मारकानंतर वर डोंगरात जायचं, जिथं ओंडके ओढून थकलेल्या म्हाताऱ्या हत्तिणींना जंगलात मोकळं सोडलंय.

स्मारकाच्या दारात शाळेची सहल उभी होती. पोरं मोबाइलमध्ये, त्यांचा मास्तर उसाच्या रसात. मला राहवलं नाही. पिशवी खांद्याला होती तशीच बाकावर चढलो आणि पाऊण तास बोललो. ज्या देशाला आपल्या मेलेल्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, तो उद्या जिवंतांकडेही पाठ फिरवील, असं म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत, पण मोबाइल खिशात गेले. पोरं एकेक करून आत गेली. मास्तर गेला. नारळवाली टोपली खाली ठेवून गेली. तीस वर्षं दारात बसून एकदाही आत न गेलेली तिकिटवाली डोळे पुसत गेली. कुंथियाही गेली. शेवटी पहारेकरी म्हणाला, "गुरुजी, आता बाक सोडा, रंगवायचाय." मग सगळं यथासांग पार पडलं आणि आम्ही बस धरली.

डोंगरात त्रिल नावाचा, तिथल्याच पुनोंग जमातीतला म्हातारा भेटला. तो लोम हत्तिणीला सांभाळतो, म्हणजे ती जाईल तिथं मागून जातो. खाण्याचं काही जवळ ठेवू नका, असं त्यानं बजावलं होतं. मी तेव्हा श्रम आणि निवृत्ती या विषयावर नुकताच रंगात आलो होतो. लोमनं शांतपणे पहिला मुद्दा ऐकला आणि दुसऱ्याला माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. सातही अन्सोम, पानं, दोऱ्या आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी.

"कागद कसला होता?" त्रिलनं विचारलं.

"नावाचा," कुंथिया म्हणाली. "यांच्या बाबांच्या."

"मग बरं झालं. हत्तीण विसरत नाही. पण तोंडानं सांगायला हवं, कागद तिला वाचता येत नाही. सांगा, गुरुजी."

माझ्या घशात धूळ गेली होती.

"भोंग्याशिवाय बाजार हलवणारा माणूस हा," कुंथिया त्रिलला म्हणाली. "बघा आता कसा खोकतोय."

असा आमचा प्रवास. मोजे घाल.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
सारेत

ता. क. भाचीला सांग, तिनं पाठवलेली रक्तदाबाची यंत्रं दोन्ही एकच आकडा दाखवतात, म्हणजे दोन्ही बिघडलेली आहेत.

ता. क. २. तू गणितात हुशार होतीस. सात अन्सोम केले आणि डोंगरात हत्तिणीनं सातही खाल्ले, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. मी आत गेलो नाही. अख्खी शाळा आत पाठवली आणि रंगवायच्या बाकापाशी उभा राहिलो. विहारातही गेलो नाही. कुंथियानं बाहेर येऊन माझ्या हाताला लागलेला हिरवा रंग पुसला.

ता. क. ३. निघताना मी लोमच्या कानापाशी गेलो होतो. तिनं कान हलवायचा थांबवला. 'बाबा' इतकं म्हणालो. पुढचं नाव आलं नाही. ती बराच वेळ थांबली होती, ताई. तू कधीच इतकी थांबली नसतीस. म्हणून पुढच्या पंधरवड्यात तू ये. गुडघ्याचं बघू, पायऱ्या फार नाहीत, मी बाहेरून मोजल्यात. आपण दोघं आत जाऊ, आणि माझं वाक्य अडलं की फोनवर तोडतेस तसं मध्येच तोड आणि तूच पुरं कर.