न चाखलेलं वरण

४ मार्च
पुन्हा वरण-भात! पाहुण्यांना दुसरं काही नकोच असतं. तरुणपणी पुण्यात शिकले, खाणावळीत जेवले. आता एका देशाचे मालक आहेत, आणि उपचारांसाठी सिंगापुरात. घरी आम्ही त्यांचं नाव घेत नाही. माझा नवरा दिलीप त्यांचा डॉक्टर; मी त्यांच्याकडे जाऊन रांधते. आधीच्या डॉक्टरने एकदा 'नाही' म्हटलं होतं. तो कुठे आहे, कुणी विचारत नाही.

ऋता म्हणाली, "आई, डोन्ट गो लाह!" तिला वाटतं, ते आपल्या हातात असतं.

६ मार्च
लिटिल इंडियातून तूरडाळ, हिंग आणलं. पाहुण्यांच्या कॉन्डोच्या दारात पहाऱ्याच्या कप्तानाने पिशवी तपासली. हिंगाची डबी उघडून वास घेतला — काय तो चेहरा! हसू दाबलं.

ताटातला पहिला घास पाहुण्यांचा धाकटा भाऊ खातो. तेच त्याचं काम. मग सगळे त्याच्याकडे बघत बसतात. थोड्या वेळाने तो मला डोळा मारतो — "वहिनी, अजून जिवंत!" 'वहिनी' मीच शिकवलं. मी 'भाऊजी' म्हणते. तिथे मनापासून हसणारा एवढा एकच माणूस.

९ मार्च
कप्तान सगळ्यांसमोर म्हणाला, "कॅमेऱ्यात पाहिलं. ही बाई स्वतः रांधलेलं कधीच चाखत नाही. का?"

दिलीप पांढराफटक.

खरंच चाखत नाही. नैवेद्याआधी चव बघायची नाही, ही आईने लावलेली सवय. मीठ अंदाजाने. तेवढंच सांगितलं — देवाच्या आधी कुणी खात नाही.

पाहुणे एकदम मराठीत, "खाणावळीतली मावशी पण असंच!" खूप हसले. मग भावाकडे बोट — "आणि हा? रोज देवाच्या आधी खातो!"

सगळे हसले. भाऊजी सगळ्यांत मोठ्याने.

सुटलो!

१० मार्च
भाऊजी नाहीत. त्यांची खुर्चीही नाही.

"घरी पाठवलं," कप्तान म्हणाला. पुढे विचारायचं नसतं. बेडोकला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दिलीप म्हणाला, "तू खरं तेच बोललीस." मी मान हलवली. जेवले नाही.

११ मार्च
कुणीही न चाखलेलं ताट पाहुण्यांसमोर ठेवलं. सगळं संपवलं त्यांनी. "अजून वाढा!"

१३ मार्च
आज पाहुण्यांनी घास तोंडाशी नेला आणि ते थांबले. एकेकाकडे बघितलं. ताट सरकवलं.

कप्तान दिलीपकडे वळला. "उद्यापासून डॉक्टर चाखतील."

घरी आल्यावर दिलीप म्हणाला, "चला, रोज तुझ्या हातचं गरम जेवण!" मी हसायला हवं होतं.

१४ मार्च
फोडणी दिली. गॅस बंद केला. कॅमेऱ्यासमोरच चमचाभर वरण घेतलं आणि चाखलं.

मीठ कमी होतं. भाऊजी कधी बोलले नाहीत.