सुकलालभाऊंचा भरणा

३ जून, धुळे
आजपासून मी वेल्डिंग कारागीर संघटनेची कारकून! दीपनगरहून पहिल्या बसनं आले, तर अध्यक्ष तोताराम नानांनी जिलेबी मागवून ठेवलेली. एक खोली, एक कपाट, साठ सभासद. महिन्याला शंभर रुपये वर्गणी. सभासद वारला की घरच्यांना वीस हजार. दुपारभर जुन्या वह्या चाळल्या. लॉकडाऊनच्या वर्षी वर्गणी जवळजवळ शून्य, तरी तीन घरांना मदत पोचलेली. नाना म्हणाले, संघटना गरीब आहे, पण कुणाचं ठेवलेलं नाही.

१८ ऑगस्ट
सोनगीरचे सभासद सुकलालभाऊ शेडवरून पडून गेले. त्यांच्या बायकोला द्यायला नानांनी वीस हजार रोख माझ्याकडे दिले.

२१ ऑगस्ट
त्यांची बायको सुंदरबाई आली होती. व्हाउचरवर अंगठा घेतला आणि सांगितलं, पैसे सोमवारी मिळतील. तिनं एवढंच विचारलं, "फंडमा पैसा शेतस ना, ताई?" मी हो म्हणाले. पैसे माझ्या पर्समध्ये होते. संध्याकाळी शोरूममध्ये स्कूटीसाठी भरले. दिवाळीपर्यंत परत ठेवीन. अंगठ्याची शाई पुसायला कापूसही मीच दिला.

१५ सप्टेंबर
दर सोमवारी येते. बाकावर बसते, जाते. मी फोनवर बोलत असल्याचं सोंग करते. नानांनी हिशेब तपासला, शाबासकी दिली. 

२२ सप्टेंबर
संघटनेच्या रोकडपेटीत हजार रुपये जास्त. नोटांना ठिणग्यांची बारीक भोकं. पावतीपुस्तकात आजची पावती: सुकलाल यांजकडून. अक्षर माझं. मी लिहिलेली नाही.

२६ सप्टेंबर
रोज हजार. किल्ली फक्त माझ्याकडे. खोलीत जळक्या लोखंडाचा वास. नानांना सांगायला उठले — पण मग व्हाउचर निघेल —

१४ ऑक्टोबर
रविवार सोडून रोज हजार, आज वीस पूर्ण. मेलेला माणूस माझी चोरी भरतोय. आणि मला — लिहायला लाज वाटते — सुटल्यासारखं वाटलं.

१५ ऑक्टोबर, दुपार
सुंदरबाई समोर बसून मोजतेय. त्याच नोटा दिल्या. खरं सांगणार होते. नाही सांगितलं. तोंड लपवायला ही वही —

मोजणं थांबलं. एका नोटेचं भोक बोटानं चाचपतेय.

डोक्यावर पदर घेतला. माझ्या खुर्चीच्या मागे बघतेय.

विचारतेय, तुम्ही कशाला भरले. मला नाही विचारत —

वास. अगदी मानेशी —

ते सांगतायत तिला. सगळं. स्कूटीचंसुद्धा. ती ऐकतेय, मान हलवतेय, आता माझ्याकडे —