देवांच्या मागची भिंत

३ डिसेंबर १९५४

सकाळी सकाळी रंगारी दारात! आमच्या सौ. सुहासिनीचा हुकूम. विषमज्वराने हिला अंथरुणाला खिळवलं, पण जिभेला काही झालेलं नाही. देवांच्या कोनाड्याभोवती संगमरवर हवा म्हणे. खरा परवडत नाही, म्हणून रंगवलेला. डोंबिवलीत निवृत्त मास्तराच्या घरी राजवाडा! मी हो म्हटलं. भिंत तिच्या पलंगासमोरच आहे. दिवसभर तिने दुसरं बघायचं तरी काय?

५ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, ताप कधीच गेला, पायांत दोष नाही, पण बाईंनी मनावर घ्यायला हवं. अशाच पडून राहिल्या तर पाय कायमचे आखडतील. मी तिला तसंच सांगितलं.

"उठून कुठे जायचंय मला?" म्हणाली नि कूस बदलली.

मी वर्तमानपत्र उघडलं.

८ डिसेंबर

भिंतीला पांढऱ्या तेलरंगाचा हात झाला. रंगारी धाकू जवळच्या कोपर गावचा, बोलण्यात पटाईत. "घाई नको, मास्तर. वला रंग छेडला तं संगमरवराचा पिठला व्हईल." घरभर जवसाच्या तेलाचा वास.

९ डिसेंबर

सुकतंय.

११ डिसेंबर

आज तिला धरून बसवायला गेलो. पाय पलंगावरून खाली सोडायलाही तयार नाही! चिडलो, बाहेर निघून गेलो. फाटकाशी उभं राहिल्यावर भीती वाटली — ही खरंच उठणार नाही. हे कोणाला सांगवत नाही, म्हणून इथे लिहितो.

१३ डिसेंबर

धाकूने आज शिरा काढायला घेतल्या. त्याला ब्रश चालत नाही, पीस लागतं. करड्या रंगात बुडवून भिंतीवर ओढायचं. मी अंगणात होतो. आतून सुहासिनीचा आवाज — "कसलं रे ते पीस?"

"कोंबरीचा हाय, बाई."

मग आरडाओरडा. धावत आत आलो. सुहासिनी कोनाड्यासमोर उभी! एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताने धाकूला मागे लोटतेय. "माझ्या देवांना कोंबडी लावतोस?" पाय लटपटत होते, पण उभी होती.

मी उंबऱ्यावर मटकन बसलो. रडू आवरेना.

"बघत काय बसलात? पाणी आणा, भिंत पुसायचीय!"

आणलं.