जाकिटाचा खालचा पट्टा

मंगळवार, दिवेलागण

उद्या नावेतून गोदावरीपल्याड लेकीकडं जायचंय. म्हणून नवं तरंगायचं जाकीट घालून आज विहिरीत उतरले. थोरली जाऊ वर दोर धरून उभी. दोन पायांमधून घ्यायचा पट्टा मी लाजून बांधलाच न्हाई. पाण्यात जाकीट सरकन तोंडावर आलं, अन् मी खाली! नाकातोंडात पाणी.

जावेनं वढून काढलं. म्हणली, "अगं, या वयात कुणाला लाजून राह्यलीस? बेडकाला?"

"तुमच्या दिराला. मेल्यापासून वरून बघून राह्यलेत."

हसलो खरं, पण तो पट्टा! जीवच गेल्ता की माझा.

उद्या काष्टा घालते अन् पट्टा गच्च बांधते. अहो, खुशाल बघा वरून. फक्त बोलावू नका.