पाहुण्यांच्या दारी जाऊन यजमान होण्यातून सुटका मिळणेबाबत

प्रति,
मा. क्रीडांगण वाटप अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला,
जिना चढल्यावर डावीकडची, पंखा नसलेली खोली.

विषय: आमच्या फुटबॉल क्लबास आमच्याच वस्तीत, पंपघरामागील मोकळ्या जागेवर, घरचे मैदान, एक नळ व कपडे बदलण्यापुरता आडोसा मिळणेबाबत.

संदर्भ: १) आमच्या सचिव बाईंनी वेळोवेळी दिलेले अर्ज.
२) त्यावर आपले उत्तर: "नोंद घेण्यात आली आहे."
३) आपल्या शिपायाने जिन्यात तोंडी कळवलेले: "आजोबा, गुडघे सांभाळा, उगाच वर चढू नका."

महोदय,

पुढे जे लिहिले आहे त्यावर आपला विश्वास बसणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझ्यावर विश्वास न ठेवण्याची आमच्या वस्तीला जुनी सवय आहे. मी कारखान्यात लेथवर होतो तेव्हा शेजारच्या मशीनवाल्याला म्हटले होते की उद्या कारखाना बंद पडणार. तो दुसऱ्या दिवशी हसत हसत कामावर गेला, फाटकाला कुलूप बघून परत आला, आणि म्हणाला, "आबा, कुलूप तुम्हीच लावलं असणार." सबब, सदर अर्जातले खरे कोणते आणि पदरचे कोणते, हे आपण आपल्या अनुभवाने ठरवावे. माझे एवढेच सांगणे, की जे वाचताना अगदीच अशक्य वाटेल ते बहुधा खरे असेल.

हा अर्ज माझ्याकडे कसा आला तेही सांगतो. यापूर्वीचे सर्व अर्ज आमच्या सचिव बाईंनी लिहिले. त्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचे अर्ज सरळ होते, म्हणून ते सरळ फायलीत गेले. आमची सभा न्हाव्याच्या दुकानात भरते; न्हावी हाच आमचा प्रशिक्षक. मागच्या सभेत बाई म्हणाल्या, "खरं लिहून लिहून माझा हात दुखला. आता आबांना लिहू द्या. त्यांचं लोक निदान शेवटपर्यंत ऐकतात तरी." त्यावर न्हावी म्हणाला, "ऐकतात, कारण मधे उठलं की आबा दार अडवतात." असो. ठराव झाला.

१. क्लब सुरू झाला तो कारखाना बंद पडल्यावर, हातांना काही काम उरले नाही म्हणून पायांना दिले, असा. पहिल्या सामन्याला आम्ही अकरा भरलो नाही. दोन जागी वाळूची पोती उभी केली होती, आणि त्यातले एक पोते बचावात माझ्यापेक्षा बरे खेळले. आज परिस्थिती अशी आहे, की वस्तीतली पोरे चालायला लागली की थेट आमच्याकडेच येतात. मुलांचे संघ झाले, मग मुलींचे झाले, आणि मुलींना सोडायला येणाऱ्या आया कडेला उभ्या राहून कंटाळल्या म्हणून शेवटी त्यांचाही एक झाला. एवढी सगळी जनता धुलाई कारखान्याच्या मागच्या आवारात सराव करते. खाली सिमेंट आहे. वर दवाखान्याच्या चादरी वाळत असतात. कोपऱ्यावरून चेंडू मारायचा असेल तर मारणाऱ्याला शेजारच्या घराच्या स्वयंपाकघरात उभे राहावे लागते. त्या घरच्या आजी आता भाजी ढवळता ढवळता ऑफसाइडचा निर्णय देतात आणि तो बरोबर असतो. मुलींनी कपडे कुठे बदलायचे, असे आपण विचाराल. न्हाव्याच्या दुकानात, आरशांवर टॉवेल टाकून. तोवर आत अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बाहेर फुटपाथवर उभे राहते. हे पदरचे नाही. एक गिऱ्हाईक आपल्याच कार्यालयात कारकून आहे, त्याला विचारावे.

२. आता मुख्य दुखणे. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे निम्मे सामने घरच्या मैदानावर व्हावे लागतात, आणि त्या दिवशी आम्ही "यजमान संघ" असतो. यजमानाने जाळी बांधायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, पाहुण्यांना पाणी द्यायचे, पंचांना खुर्ची द्यायची, आणि सगळे गेल्यावर जाळी सोडून मैदान झाडून निघायचे. आम्हाला मैदान नसल्याने आम्ही शेजारच्या शहरातले एक मैदान मागून घेतले आहे. जायला दोन तास, यायला दोन तास, मधे डोंगराची वळणे. म्हणजे आमचा घरचा सामना असला की आम्ही जाळी, चुना, पाण्याचे पिंप, खुर्ची आणि पोरे एका व्हॅनमध्ये कोंबून परक्या गावी यजमानपण करायला जातो.

यात एकदा असे झाले, की आमचा सामना त्याच मैदानाशेजारी राहणाऱ्या संघाशी लागला. कागदावर ते पाहुणे, आम्ही यजमान. पाहुणे जेवून, एक डुलकी काढून, घरातल्या चपला घालून चालत आले. यजमान दोन तास पिशवीत ओकत आले. त्यांच्या कप्तानाची आई आमच्या पोरींना म्हणाली, "या गं, बसा, पाणी घ्या." आमची गोलरक्षक म्हणाली, "मावशी, पाणी आम्ही द्यायचंय." आणि तिने खरोखर पिंपातले पाणी त्या बाईला तिच्याच गल्लीत नेऊन दिले. सगळे हसले. मीही ही गोष्ट सांगायला पुष्कळ वर्षे पुरेल असे समजून होतो. आता सांगवत नाही.

३. आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे, की सदर वस्तीत आजवर एकही अधिकृत फुटबॉल सामना झाल्याची नोंद नाही, सबब तेथे मैदानाची मागणी असल्याचे दिसून येत नाही. हे वाक्य मी सभेत वाचले तेव्हा सगळ्यांना वाटले की मी बनवून सांगतोय. सचिव बाईंना मूळ कागद काढून दाखवावा लागला. मैदान नाही म्हणून सामना नाही, आणि सामना नाही म्हणून मैदान नाही. साहेब, मी आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी गोल थाप मला कधी जमली नाही.

पंपघरामागची जागा मोकळी आहे, सपाट आहे, आणि कडेला नळ आहे. ती "भविष्यातील वाहनतळासाठी" राखून ठेवली आहे, असे कळले. मी स्वतः तेथे खुर्ची टाकून भविष्याची वाट पाहत बसलो. एक कुत्री आली, व्याली, तिची पिल्ले मोठी होऊन आपापल्या कामाला लागली. वाहन आले नाही.

४. येथून पुढे हसण्यासारखे काही नाही.

आमची व्हॅन म्हणजे प्लंबरची व्हॅन. मागे पाइपांचे तुकडे, त्यावर फळी, फळीवर पोरे. दर घरच्या सामन्याला तोच न्यायचा. त्या दिवशी पहाटेपासून तो दवाखान्याच्या तळघरात फुटलेल्या वाहिनीखाली उताणा पडून काम करत होता. तेथून तसाच, ओल्या बाह्यांनी, व्हॅन घेऊन आला. सामना संपला. पाहुणे आपल्या घरी गेले, त्यांनी अंघोळीही केल्या असतील. आम्ही यजमान, जाळीच्या गाठी भिजून घट्ट झाल्या होत्या, त्या सुटेपर्यंत उजेड गेला. वळणांवर धुके उतरले. एका वळणापलीकडे खडीचा ट्रक बंद पडून उभा होता, मागचा दिवा न लावता.

मागच्या पोरी पाइपांवर आदळल्या. एकीचे मनगट मोडले, एकीच्या कपाळाला टाके पडले, बाकीच्या बचावल्या. प्लंबर स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये अडकला. रुग्णवाहिकेला यायला जेवढा वेळ लागला तेवढा त्याच्यापाशी नव्हता.

पंचनाम्यात अपघाताचे कारण म्हणून धुके लिहिले गेले. आमच्या मते कारण पंपघरामागे मोकळे पडून आहे.

आपल्या कार्यालयातून त्यानंतर कोणी आले नाही. स्पर्धेच्या मंडळाने फुले पाठवली, आणि त्याच पाकिटात पुढचे वेळापत्रक. त्यात येत्या रविवारी पुन्हा आमचा घरचा सामना आहे, त्याच मैदानावर. घरच्या सामन्याला यजमान हजर नसेल तर संघ स्पर्धेतून कायमचा बाद, असा नियम आहे. गॅरेजवाल्याने व्हॅनची पुढची काच नवी बसवून ती न्हाव्याच्या दुकानासमोर आणून उभी केली आहे. तिच्याकडे कोणी बघत नाही. चालवणार कोण? न्हाव्याकडे परवाना नाही. माझे डोळे अधू. सचिव बाईंचे यजमान गाडी चालवतात, पण ते म्हणाले, "त्या रस्त्यावर मी दुसऱ्यांची पोरं नेणार नाही," आणि त्यांना कोणी दोष दिला नाही. काही आया आता पोरींना सरावालाही पाठवत नाहीत. घरात बसलेली बरी, म्हणतात. संघ एकदा बाद झाला की उरलेल्याही घरातच बसतील, आणि मग वस्तीत मागणी नाही हे आपले म्हणणे अगदी खरे होईल.

तरी विनंती, की पंपघरामागील जागा आम्हास खेळापुरती वापरू द्यावी. मालकी नको, कुंपण नको, पाटी नको. ज्या दिवशी भविष्यातील वाहने येतील त्या दिवशी गोलचे खांब उपटून बाजूला होऊ. जाळी बांधून पाहुण्यांना आमच्या नळाचे पाणी द्यावे आणि सामना संपल्यावर पोरींनी चालत घरी जावे, एवढीच हौस आहे.

५. शेवटी एक गोष्ट आपल्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे. अपघाताच्या वेळी मी स्वतः पुढच्या सीटवर प्लंबरच्या शेजारी बसलो होतो. मला खरचटलेही नाही. मी त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याने माझा हात घट्ट धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "आबा, माझं सोडा. फुटबॉल हाच माझा जीव होता. पोरींना घरचं मैदान मिळाल्याशिवाय मला शांती नाही." आणि त्याने बोट वर करून पंपघराची दिशा दाखवली. एवढ्या धुक्यात, दोन डोंगर मधे असताना, ती दिशा अचूक होती. मरणाऱ्या माणसाच्या या शब्दाचा मान आपण

येथपर्यंतचा मजकूर, क्लबमधून जाणारा प्रत्येक अर्ज आधी सभासदांना ऐकवायचा या नियमाप्रमाणे, मी न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचत असताना प्लंबरच्या पत्नी मागच्या खुर्चीवरून उठल्या. त्या शिवणकाम करतात. संघाचे सदरे त्यांनीच शिवले आहेत. त्या म्हणाल्या, "आबा, हे खोटं आहे."

पुढचे त्यांच्याच शब्दांत देतो, कारण त्यांनी तसे बजावले आहे.

"तुम्ही व्हॅनमध्ये नव्हता. तुम्हाला वळणावर मळमळतं, तुम्ही कधीच येत नाही. पुढच्या सीटवर मी होते."

मी म्हटले, "पोरी, साहेबांच्या मनाला लागावं म्हणून लिहिलं."

"साहेबांच्या मनाचं मला माहीत नाही. यांना फुटबॉल आवडतच नव्हता. सामना चालू असला की व्हॅनमध्ये तोंडावर पेपर घेऊन झोपायचे. आपली पोरगी गोलात उभी असते म्हणून जायचे, आणि दुसऱ्या कुणाकडे व्हॅन नाही म्हणून. मैदानाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. 'काच वर घे, पोरीला सर्दी झालीय,' एवढंच म्हणाले. मी काच वर घेत होते."

मी परिच्छेद खोडण्यासाठी पेन उचलले.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "खोडलेलं लोक आधी वाचतात. राहू द्या, आणि खाली लिहा की खोटं आहे. वरचं सगळं खरं आहे, तेही लिहा. आणि हे लिहा, की हा कागद सोमवारी पोचेल, सामना उद्या आहे. हे गेल्यावर मी गाडी शिकले, परवाना कालच आला. पोरगी गोलात उभी राहणार आहे. व्हॅन मी नेणार."

सबब लिहिले आहे.

सांगितले तेवढेच लिहून थांबणारा,
(सही)
क्लबचा सर्वांत जुना सभासद

दिनांक: शनिवार, कार्यालय बंद झाल्यावर