दुकानाच्या वळणावरची धाप

प्रिय टाचणी,

त्या सकाळी चादरी गरम पाण्यात बुडवून मी जिन्यात जाऊन उभी राहिले होते, कारण आत हे झाडू मारत होते. आमच्या घरात झाडू ह्यांचा आणि ओलं फडकं माझं, अशी लग्नापासूनची वाटणी. धूळ खाली बसली की हे दार उघडून म्हणायचे, "ये." एवढंच. मग मी टेबल पुसलं, उशा उन्हात टाकल्या, डबा भरला. ह्यांनी माझा दम्याचा पंप कानाशी हलवून बघितला, माझ्या पिशवीत परत टाकला आणि चपला घालून निघाले. दारात वळूनसुद्धा बघितलं नाही. कशाला बघतील? संध्याकाळी यायचंच होतं. संध्याकाळी आलीस ती तू, ह्यांचा चष्मा हातात घेऊन.

ह्यांचा जीव गेला तो शिवणाच्या दुकानात, कात्री हातात असताना, आणि समोर तू होतीस. याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही, पण हे मला पचलेलं नाही. बायको मी, आणि शेवटचं तोंड बघितलंस तू.

तुझं टाचणी हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. "बारीक आहे आणि टोचते," असं सांगून स्वतःच हसले होते. मीही हसले. मग भांडी घासताना मनात आलं, मला ह्यांनी कधी नावं ठेवली नाहीत हे खरं, पण एखादं नावही ठेवलं नाही. आज पहिल्यांदा मी तुला त्या नावाने हाक मारते आहे. लिहिताना बरं वाटलं नाही, तरी लिहिलं.

तू दुकानात काजं-बटणं करायला लागलीस तेव्हा पोरगेली होतीस. तेव्हापासून दिवसाचा उजेड तुझ्या वाट्याला आणि रात्रीचा खोकला माझ्या. हे घरी यायचे ते थकून, जेवायचे, वर्तमानपत्र उघडायचे. तीच वर्तमानपत्रं पुढे कापड बेतायचे कागद व्हायची. मी वाचायला शिकले ती त्या कापलेल्या कागदांवर. बाहीच्या आकाराची बातमी, अर्धी कुणाच्या तरी खांद्यात गेलेली. बोलणारं माणूस नसलं की बाई वाचायला लागते. आणि एकदा तू रस्त्यात भेटून सहज म्हणालीस, "बाई, परवा डब्यात मीठ कमी होतं." तेव्हा मला कळलं, माझा डबा तूही खात होतीस. दुसऱ्या दिवशी मी मीठ जास्तच घातलं. ह्यांनी तक्रार केली नाही. तू केली असशील.

आता माझ्या धापेबद्दल. दमा मला लहानपणापासून आहे, त्याची आणि माझी ओळख जुनी आहे. तो येताना शिट्टी वाजवत येतो. पण हे गेल्यापासूनची ही धाप मुकी. छातीवर कुणीतरी इस्त्री ठेवल्यासारखं, गरम नाही, नुसती जड. पंप घेतला तरी हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं, काटा वर गेला. "आजी, फुंकर तर तरुण मुलीची आहे!" म्हणाल्या. हृदय तपासलं, रक्त तपासलं, सगळं जागच्या जागी. "दम्याचं औषध सोडायचं नाही. पण ही धाप दम्याची वाटत नाही. कधी लागते, ते बघत जा." मी म्हटलं, कधीही लागते. मी खोटं बोलले. ती लागायची दुकानाच्या वळणावर, जिथून तुझं मशीन ऐकू यायला लागतं. ह्यांच्या दुकानात मशीनचा आवाज येतो आणि तो ह्यांचा नसतो.

मुलाला मी सांगितलं, कापडाच्या कचऱ्याचा त्रास होतो. तो लगेच म्हणाला, "मग दुकान विकून टाक ना, आई. मोबाईलवाला जागा मागतोच आहे." मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. तू दोनदा निरोप पाठवलास, "बाई, मी दुकान चालवू का सोडू, ते एकदा सांगा, गणवेशांचं काम घ्यायचं की नाही ते ठरवता येईल." मी उत्तर दिलं नाही. तुझी भाकरी माझ्या एका शब्दावर आहे, हे मला माहीत होतं, आणि तो शब्द मी मुठीत धरून बसले होते. इतक्या वर्षांत तुझं काहीतरी पहिल्यांदा माझ्या हातात आलं होतं.

परवा मी आले ती तुला दुकान सोडायला सांगायलाच. वाटेत वाक्यं पाठ केली होती. उंबऱ्यावर छाती आवळली आणि एक शब्द फुटेना. तू उठलीस. पंखा बंद केलास, इस्त्री बाजूला सारलीस. मला स्टुलावर बसवून पुढे वाकवलंस, कोपर कापायच्या टेबलावर टेकवलेस. माझ्या पिशवीतला पंप काढून हलवून हातात दिलास. मी हात झटकून काहीतरी बोलायला गेले तर म्हणालीस, "आधी श्वास घ्या बाई, मग भांडा." आणि मग तू ह्यांच्या मशीनवर बसलीस, दोरा काढलास, आणि रिकामं मशीन सावकाश चालवायला लागलीस. पाय खाली, पाय वर.

टाचणी, ते आमचं होतं. माझा श्वास अडकला की हे घरच्या जुन्या मशीनवर बसायचे आणि दोऱ्याशिवाय पाय हलवायचे, आणि मी त्या चालीवर श्वास सोडायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी ते शोधून काढलं. मुलालासुद्धा ते ठाऊक नाही. एवढी एकच गोष्ट तुझ्याकडे पोचलेली नाही, असं मी समजत होते. मला तुझ्या थोबाडीत मारावंसं वाटलं. आणि त्याच चालीवर माझा श्वास मोकळा होत गेला.

मी विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? तू म्हणालीस, "मास्तरांनी. मी लागले त्याच वर्षी. म्हणाले, मी नसलो आणि हिला लागलं, तर कुणाला तरी यायला हवं." मग हसून म्हणालीस, "दिवसभर तुमचंच पुराण असायचं हो बाई. आज हिला असं झालं, काल ही असं बोलली. मला तर कंटाळा यायचा."

मी उठून घरी आले. तुला वाटलं असेल, रागावले. रागावलेच होते. आजपर्यंत मला वाटायचं, ह्यांचं बोलणं तुझ्याशी, तुझ्याबद्दल. ते माझ्याबद्दल होतं, आणि तरी ते मला मिळालं नाही. माझ्याबद्दलचं ते सगळं बोलणं तुझ्या कानात पडून आहे आणि तुला त्याचा कंटाळा यायचा! यापेक्षा तू वाईट निघाली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून हे पत्र. समोर आले तर पुन्हा धाप लागेल किंवा भांडण होईल, म्हणून लिहून मागते. हे माझ्याबद्दल काय काय बोलायचे, ते मला सांग. सगळं एकदम नको, तेवढा माझा दम नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी येऊन बसत जाईन, तू हाताने काम करत सांग. आठवत नसेल तिथे नाही म्हण, मनाचं घालू नकोस, मला कळेल. तुझा मत्सर मला वाटतोच, आणि ऐकताना आणखी वाटेल. गणवेशांचं काम घे. तुझ्याकडून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवाल्याकडे गेले आणि जागा द्यायची नाही असं सांगून आले.

तुझीच असं अजून लिहवत नाही, म्हणून,
तुझ्या मास्तरांची बायको